मसुदा वाचा, मुदत पाळा, हरकत लिहा



नवा नियम लागला की जेटीवर एकच वाक्य ऐकू येतं, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." खरं तर बऱ्याचदा विचारलेलं असतं. पण ते राजपत्रात, इंग्रजीत, आणि आपण दर्यात असताना.

2020 आठवा. लॉकडाऊनच्या काळात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ईआयएच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. बंदर किंवा मोठा कारखाना येण्याआधी पाण्याचं, किनाऱ्याचं काय होईल हे तपासायचे हे नियम. 2006 च्या नियमांत जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. मसुद्यात ते 20 दिवस करायचं होतं. कित्येक दिवस दर्यात राहणाऱ्या खलाशाला हे दहा दिवस फार मोठे आहेत.

मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. हरकतींची मुदत 30 जून. त्याच दिवशी दिल्ली हायकोर्टाने ती 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत 10 दिवसांत भाषांतर करायला सांगितलं. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात येतात. भाषांतर वेळेत आलं नाही, उलट सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तरी देशभरातून दहा लाखांवर ईमेल गेले. तो मसुदा पुढे अंतिम नियम झाला नाही. फक्त ईमेलमुळे तो थांबला असं आम्ही म्हणत नाही, पण लोक गप्प नव्हते एवढं नक्की.

आमची चूकही सांगतो. आमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा आयता मजकूर नुसता पुढे ढकलला. आपल्या खाडीबद्दल, रापणीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. एकच मजकूर हजारदा पाठवला तरी मुद्दा एकच राहतो.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करूया:

▪ मुदत आधी बघा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या मसुद्यांना साधारण 60 दिवस मिळतात. इतर खात्यांसाठी केंद्राचं 2014 चं धोरण किमान 30 दिवस सांगतं.

▪ कलमाचा नंबर घाला. मग आपल्याकडे काय होईल ते लिहा: जाळी कुठे टाकतो, होड्या कुठे ओढतो, मासळी कुठे सुकवतो. शेवटी काय बदल हवा ते स्पष्ट मागा.

▪ मराठीत लिहायला लाजू नका. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला टाइप करायला बसवा.

▪ पाठवलेल्या ईमेलची प्रत जपून ठेवा. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर तोच आपला पुरावा.

पावसाळी बंदीत आपण जाळी शिवतो, इंजिन खोलतो. त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी सोसायटीत जमून मसुदा मोठ्याने वाचूया. कुठला नवा मसुदा नजरेला पडला तर मुदतीच्या तारखेसकट इथे टाका. वाचायला आम्ही बसतो, तुम्हीही या.