मोतीबिंदू : सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथल्या मोठ्या रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. फक्त डोळा बधिर करतात. फेको पद्धतीत चीर जेमतेम तीन मिलिमीटरची, टाका बहुधा लागतच नाही. आर्वी-आष्टीकडच्या पेशंटला मात्र परतीची एसटी चुकली तर पंचाईत, म्हणून सोबत माणूस हवाच.

बीपी-शुगरच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही. पुरुष हे सांगायला लाजतात.

खरी कसोटी नंतरच्या चार-सहा आठवड्यांची, थेंबांची. हात धुवा, खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नका, दोन औषधांत पाच मिनिटं सोडा. सुरुवातीचे काही दिवस डोक्यावरून पाणी, चुलीचा धूर, कापूस वेचणी बंद. तूर काढायच्या दिवसांत तर खळ्याकडे फिरकूही नका. डोळा ठणकला, लाल झाला किंवा एकदम अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.