संकटकाळच्या पाट्यांची भाषा

नांदेड-लातूर मार्गावरील चाकूरच्या बसस्थानकात येणाऱ्या राज्य परिवहनाच्या गाडीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे प्रवाशाच्या सहज दृष्टीस पडतात. कारखान्यांत व कचेऱ्यांत मात्र याच अर्थी 'आपत्कालीन निर्गम' असा शब्दप्रयोग केला जातो. या दोहोंतील भेद केवळ शैलीचा नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील मूळ ३८ व्या कलमाने, आगीच्या वेळी उपयोगी पडणारी परंतु नित्य वापरात नसलेली दारे व खिडक्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, पुरेशा मोठ्या तांबड्या अक्षरांत, अथवा अन्य सुबोध चिन्हाने दर्शविण्याचे बंधन घातले होते. १९८७ मध्ये हे कलम बदलले. तथापि त्यातील भाषेची कसोटी लक्षणीय होती. ती राजभाषेची नव्हती, मालकाच्या भाषेचीही नव्हती. वाचणाऱ्याच्या आकलनाची होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यात कारभाराची भाषा उर्दू आणि बहुसंख्यांची मराठी होती, हे लक्षात घेता या कसोटीचे मोल निराळे सांगावयास नको.

'निर्गम' हा शब्द शुद्ध व आटोपशीर आहे, पण तो बोलण्यात नाही. जो शब्द एरवी ओठांवर येत नाही, तो धुरात डोळ्यांना ओळखू येईल ही अपेक्षा व्यर्थ होय. याउलट, गाडीतील वाक्य सुबोध असले तरी लांब आहे. निवांत बसलेल्या प्रवाशाने ते आधीच वाचून ठेवावे, हे त्याचे कार्य. संकटाच्या क्षणी 'बाहेर' हा एकच शब्द व बाण पुरेसा होतो. तात्पर्य, शिकविणारी पाटी वेगळी आणि आठवण देणारी पाटी वेगळी.

जपानमध्ये ओसाका येथील १९७२ च्या आगीत ११८ माणसे दगावली. अशा दुर्घटनांनंतर तेथे युकिओ ओता यांच्या नेतृत्वाखाली दाराकडे धावणाऱ्या माणसाची हिरवी आकृती सिद्ध झाली, व १९८० च्या दशकात तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आकृतीतील धावणे पाहताच कळते. हिरवा रंग मात्र संकेताने कळतो. १९४८ च्या कायद्यात सुटकेचा मार्ग तांबडा होता. आजच्या मानकांत तांबडा रंग मनाई व अग्निशमन साधने यांच्याकडे गेला आहे. म्हणजेच चिन्हही भाषेप्रमाणे शिकावे लागते.

मुंबईत कमला मिल आवारातील २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अनेकांनी प्रसाधनगृहाचा आश्रय घेतला होता. भयभीत मनुष्य नवा मार्ग शोधीत नाही, ठाऊक असलेल्या जागेकडे वळतो. म्हणून लातूर जिल्ह्यातील एखाद्या डाळ गिरणीत हिरवे चिन्ह व त्यासोबत 'बाहेर' हा शब्द तर असावाच. शिवाय प्रत्येक कामगाराला, मग तो हिंदी वा तेलुगू बोलणारा का असेना, त्याच्या भाषेत तो मार्ग एकदा चालून दाखवावा. आणि पाटीमागील दार कुलूपबंद असेल, तर ती पाटी अपुरी नव्हे, असत्य ठरते.