असे का? : वरची कड नसलेले स्टिअरिंग

यवतमाळच्या बसस्थानकात एसटी वळवताना चालक ज्या मोठ्या, गोल स्टिअरिंगला फेऱ्यामागून फेरे देतो, त्याच्या शेजारी फॉर्म्युला शर्यतीतील स्टिअरिंग ठेवले, तर ते वरून-खालून कापल्यासारखे आणि जेमतेम 28 सेंटिमीटर रुंदीचे दिसते. बसची जड चाके थोडक्या जोराने वळावीत म्हणून स्टिअरिंगच्या अनेक फेऱ्यांचे रूपांतर चाकांच्या अल्पशा वळणात केलेले असते. उलट फॉर्म्युला कारमध्ये हे गुणोत्तर, म्हणजे स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक किती वळते याचे प्रमाण, इतके कमी असते की पकड न बदलता वळण घेता येते आणि वरच्या कडेची गरजच उरत नाही. हात जागचे हलत नसल्यामुळे गिअरच्या पट्ट्याही स्टिअरिंगमागे बसवता येतात. 1989 मध्ये शर्यतपटू नायजेल मॅन्सेलने अशा पट्ट्या असलेल्या फेरारीतून ब्राझीलची फॉर्म्युला शर्यत जिंकली. असे स्टिअरिंग संगणकावरील शर्यतीच्या खेळांसाठीही घेतले जाते; तिथे रस्त्याचे धक्के विद्युत मोटर हातांपर्यंत पोहोचवते, आणि स्टिअरिंगचा व्यास जितका लहान, तितका तोच पीळ अधिक जोराचा जाणवतो, याचा महागडे स्टिअरिंग निवडताना विसर पडतो. ट्रक किंवा रॅलीचे खेळ खेळणाऱ्याने मात्र गोल स्टिअरिंगच घ्यावे.