पावसाळी भाजीसाठी परसातील प्लॅस्टिक टनेल

कोकणात, मावळात व घाटमाथ्यावर पावसाची झड लागली म्हणजे परसातील कोथिंबीर व मेथी कुजून जाते आणि मिरची-टोमॅटोची रोपे वाफ्यातच कोलमडतात. ज्या ऋतूत शेतावरील कष्ट सर्वांत अधिक, त्याच ऋतूत शेतकऱ्याच्या ताटातील हिरवी भाजी दुर्मिळ होते. ही उणीव घरच्या घरी भरून काढण्याचे एक साधन म्हणजे लहान प्लॅस्टिक टनेल होय.

१९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्रा. एमर्ट यांनी महागड्या काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद वापरून हरितगृह उभारले. थंड देशांत अशा टनेलचा उपयोग मुख्यतः ऊब राखण्यासाठी होतो. आपल्याकडे उबेची वाण नाही. आपणांस हवे आहे ते छत्र. चारी बाजू बंद केल्यास पीक उकडून जाईल. म्हणून वर छप्पर व बाजूंनी खेळता वारा, हेच आपले सूत्र असावे.

जागा व सांगाडा

पाणी न साचणारी, दिवसभर ऊन मिळणारी, घराजवळची जागा निवडावी. २० फूट लांब व १० फूट रुंद टनेलने आरंभ करावा. त्याची अरुंद बाजू पावसाळी वाऱ्याकडे असावी. लांबीच्या दोन्ही कडांस दर ५ फुटांवर बांबूचे खांब २ फूट पुरावेत व साडेचार फूट वर ठेवावेत. पुरावयाच्या टोकास डांबर लावावे. समोरासमोरील खांबांवर १४ फुटी कांबी कमानीप्रमाणे वाकवून बांधाव्यात व त्या आडव्या बांबूंनी एकमेकींस जोडाव्यात. बांबूची पेरे तासून त्यांवर गोणपाट गुंडाळावे, कारण कागद फाटू लागतो तो बहुधा तेथूनच.

छपरासाठी अतिनील किरणांत टिकणारा, २०० मायक्रॉन जाडीचा कागद घ्यावा. साधा कागद उन्हाने लवकर तडकतो. वारा पडलेला असताना तो ताणून बांधावा. सैल कागदात पाणी साचते व वारा भरतो. बाजूंस ४० मेशची कीटकरोधक जाळी लावावी. १ इंच पावसात एवढ्या छपरावरून सुमारे ४७० लिटर पाणी उतरते. ते दोन्ही बाजूंस चर खणून दूर काढले नाही, तर आतील वाफे खालून भिजतात.

वाफे व निगा

मध्ये २ फुटांची वाट ठेवून दोन्हीकडे ३ फूट रुंद व अर्धा फूट उंच गादीवाफे करावेत आणि त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बाहेर मुसळधार पाऊस असताही छपराखालील माती कोरडी पडते, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानी येत नाही. यास्तव ओल बोटाने पाहून सकाळी झाडांच्या बुडाशी पाणी द्यावे.

जाळीमुळे मधमाश्याही आत येत नाहीत. कारल्याचे नरफूल सकाळी मादीफुलास हाताने टेकवावे. टोमॅटोचे फुललेले झाड हलक्या हाताने हलविले तरी पुरते.

पावसाच्या आरंभी रोपे, श्रावण-भाद्रपदात पालेभाज्या व हिवाळ्यात टोमॅटो असा क्रम ठेवावा. मार्चपासून कागद उतरवून सावलीत ठेवावा व त्याजागी ५० टक्के सावलीची जाळी बांधावी. फाटका कागद शेतात पुरू अथवा जाळू नये; तो भंगारात द्यावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम गावात एकच टनेल उभारून दाखवावे आणि बांधणीइतकेच ते सोडण्याचेही शिक्षण द्यावे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळापुढे पक्की छपरेही टिकली नाहीत. वादळाची सूचना मिळताच कागद उतरवून घ्यावा. सांगाडा मोडण्यापेक्षा दोन दिवस भाजी भिजलेली बरी.