स्क्रीनशॉटला निशाणी क्रमांक कधी पडतो?

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे निघालेला कोपर्निकस मार्ग पायी सहज संपतो. नाटकवेड्यांना तो कमानी सभागृहामुळे माहीत असतो, मराठी माणसाला जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते, टोकाशी पतियाळा हाउस कोर्ट आहे आणि तिथून टिळक मार्गावरचे सुप्रीम कोर्टही दूर नाही. मोबाइल, सीडी, सीसीटीव्ही यांतला पुरावा कसा पाहायचा, याचा गेल्या पंचवीस वर्षांतला बराचसा वाद याच परिसरात झडला. पक्षकारांच्या मनात मात्र अजून दोनच टोके दिसतात. एक म्हणतो, ‘मोबाइलमध्ये आहे ना, मग झाले!’ दुसरा म्हणतो, ‘मोबाइलमधले कोर्टात चालत नाही.’ दोघेही चुकतात.

‘प्रिंट काढली, सही केली, पुरावा झाला’

एकेकाळी हे जवळपास खरे होते. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला आणि 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 65-ब शिरले. संगणकातून काढलेली प्रत द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली आणि ते यंत्र नीट चालत होते का, याचे जबाबदार व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र हवे, असे ते कलम सांगते. पण संसदेवरील हल्ल्याचा खटला पतियाळा हाउसमधल्या विशेष न्यायालयातून वर गेला, तेव्हा मोबाइल कॉलच्या नोंदींना असे प्रमाणपत्र नव्हते. प्रत शाबीत करायचे जुने मार्ग खुलेच आहेत, असे म्हणून सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये त्या नोंदी स्वीकारल्या. पुढची नऊ वर्षे बहुतेक कोर्टे त्याच वाटेने गेली.

18 सप्टेंबर 2014 रोजी केरळच्या अन्वर विरुद्ध बशीर या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ही वाट बंद केली. प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ती पुन्हा थोडी उघडली. यंत्र आपल्या ताब्यात नसेल, तर न्यायाच्या हितासाठी सूट मिळू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या कोर्टातल्या वकिलाने यातले काय धरायचे? हा गोंधळ सुटला तो जालन्याच्या खटल्यात.

‘अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिले नाही, म्हणजे केस बुडाली’

2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना 45,078 आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना 44,782 मते पडली. फरक 296 मतांचा. गोरंट्याल हायकोर्टात गेले, पण त्यांचे बोट मतमोजणीवर नव्हते, घड्याळावर होते. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 27 सप्टेंबर, वेळ दुपारी तीनपर्यंत. खोतकरांचे कागद त्यानंतर दाखल झाले, असा त्यांचा दावा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि बाहेरही कॅमेरे लावलेले होते, म्हणजे उत्तर सरकारी चित्रणातच पडून होते.

औरंगाबाद खंडपीठाने ते चित्रण मागवले, सीडी आल्या. आले नाही ते प्रमाणपत्र. अर्जदारांनी पुन्हा पुन्हा मागूनही कार्यालयाने ते दिले नाही. कॅमेरे कामकाजाचा भाग म्हणून लावले होते आणि नीट चालत होते, हे अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितले होते. तेवढ्याने कायद्याची पूर्तता झाली, असे धरून हायकोर्टाने 24 नोव्हेंबर 2017 रोजी निवडणूक रद्द ठरवली.

खोतकरांच्या सुप्रीम कोर्टातल्या अपिलाचा निकाल 14 जुलै 2020 रोजी लागला. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांनी प्रमाणपत्र सक्तीचेच ठरवले. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही आणि 2018 ची सूट कायद्याला धरून नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. इथवर ऐकून वाटेल की गोरंट्याल हरले. तसे झाले नाही. ज्याच्यावर आपला काही ताबा नाही अशा तिऱ्हाइताकडून प्रमाणपत्र मिळवण्यासाठी अर्जदारांनी जमेल ते सगळे केले होते. अशक्य ते करून दाखवा, असे कायदा कुणाला सांगत नाही. म्हणून त्यांना या अटीतून मोकळे केले गेले आणि खोतकरांचे अपील खर्चासह फेटाळले गेले. प्रत्यक्षात त्याआधीच, 2019 च्या निवडणुकीत, जालनेकरांनी गोरंट्याल यांना निवडून दिले होते.

या निकालाचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. ‘प्रमाणपत्र सक्तीचे’ एवढे ऐकले, की कागद मिळत नाही म्हणून माणूस हातपाय गाळून बसतो. खरे तर ते मागितल्याची लेखी नोंद ठेवायची, आणि तरीही मिळाले नाही तर कोर्टाकडे अर्ज करून समन्स काढायला लावायचे. गोरंट्याल यांना वाचवले ते या अर्जांनीच. खटला संपण्यापूर्वी योग्य टप्प्यावर प्रमाणपत्र दाखल करायला कोर्ट परवानगी देऊ शकते, हेही याच निकालात आहे.

मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला आणि ‘हा फोन माझा, यातच मूळ रेकॉर्डिंग आहे’ असे शाबीत करून तो फोनच कोर्टात हजर केला, तर प्रमाणपत्र लागत नाही, असेही हा निकाल सांगतो. आमच्याकडे उलटेच चालते: फोन दुरुस्तीला दिलेला, विकलेला किंवा फॉरमॅट मारलेला, आणि हातात उरलेली रंगीत प्रिंट.

‘प्रमाणपत्र म्हणजे खरेपणाचा दाखला’

प्रमाणपत्राने दार उघडते, इतकेच. मग पुराव्यात घेतल्याची खूण म्हणून कागदावर निशाणी क्रमांक पडतो. पण आवाज कुणाचा, क्लिप मधून कापली आहे का, तो नंबर खरोखर कोण वापरत होते, हे प्रश्न त्यानंतर उलटतपासात यायचेच असतात. निशाणी पडली म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी थोडे थांबावे.

‘नव्या कायद्याने ही कटकट संपवली’

कटकट वाढली आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाला. त्या दिवशी चालू असलेल्या कामांना जुनाच कायदा लागतो. नव्यात 65-ब ची जागा कलम 63 ने घेतली आणि प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात छापून आला. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलीचा हॅश लिहायचा. हॅश हा फाइलीच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा असतो. फाइलीतला एक बिंदू हलला तरी आकडा पार बदलतो. नमुन्यात एमडी-5, शा-1 आणि शा-256 असे पर्याय दिले आहेत. यातले पहिले दोन संगणकशास्त्रज्ञांनी केव्हाच मोडून दाखवले, शा-1 तर 2017 मध्ये. म्हणून शा-256 वरच खूण करावी.

हा ‘तज्ज्ञ’ कोण, हे कलम 63 सांगत नाही. भोकरदनच्या किंवा अक्कलकुव्याच्या कोर्टात धनादेश न वटल्याच्या साध्या कामात, चार व्हॉट्सॲप संदेशांसाठी असा माणूस आणायचा कुठून? सरकारी तपासाला न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, खासगी पक्षकाराला काय? कायदा करणाऱ्यांनी याचा पुरता विचार केलेला दिसत नाही.

‘चोरून केलेले रेकॉर्डिंग बाद’

याचे उत्तर मुंबईतल्या दोन लाचेच्या प्रकरणांनी कधीच देऊन ठेवले आहे. पहिल्यात पुस्तकांआड मायक्रोफोन ठेवून आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर चालवला होता. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती टेप ग्राह्य धरली. दुसऱ्यात मुंबईचे कोरोनर मलकानी यांचे फोनवरचे बोलणे समोरच्या डॉक्टरच्या संमतीने टेप झाले होते, आणि 1972 मध्ये तेही टिकले. 14 जुलै 2025 रोजी, एका वैवाहिक वादात, जोडीदाराचे गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषणही पुराव्यात घेता येते, असे सुप्रीम कोर्टाने म्हटले. पण स्वतः बोलताना रेकॉर्ड करणे वेगळे आणि तिसऱ्याने फोन टॅप करणे वेगळे. एका प्रकरणात टॅपिंगचे आदेश कायद्यात बसत नव्हते म्हणून मुंबई हायकोर्टाने 2019 मध्ये ते रद्द केले आणि मिळवलेली रेकॉर्डिंग नष्ट करायला लावली.

‘सगळ्या कोर्टांत हेच नियम’

कोपर्निकस मार्गावरच याला अपवाद आहे. हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातले कलम 19 सांगते, की न्यायाधिकरण पुरावा कायद्याच्या नियमांनी बांधलेले नाही, त्याने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळायची. मुंबईतल्या देवनार कचराभूमीवरच्या एका ऑनलाइन बातमीवरून त्याने स्वतःहून प्रकरण हाती घेतले होते. महापालिकेने त्याला आव्हान दिले. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठाने 7 ऑक्टोबर 2021 रोजी स्वतःहून दखल घेण्याचा हा अधिकार मान्य केला. पुरावा कायद्याचे बंधन नसल्याने नदीत सांडपाणी सोडल्याचा व्हिडिओ घेऊन पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जाणाऱ्याला 63 च्या नमुन्यावाचून दारातून परत फिरावे लागत नाही. तरीही जागा, तारीख, वेळ आणि मूळ फाइल सांभाळावी, कारण समोरचा ‘हा व्हिडिओ आमच्या नाल्याचा नाहीच’ असे म्हणणारच.

  

तुमच्या फोनमध्ये उद्या कामी येईल असे काही असेल, तर आजच तीन गोष्टी करा. फोन रीसेट करू नका, विकू नका. फोटो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवून तीच प्रत ‘मूळ’ म्हणून जपू नका. पाठवताना तो दाबला जातो, सोबतची माहिती गळते आणि हॅश बदलतो. आणि सीसीटीव्ही दुसऱ्याचा असेल, तर त्या दुकानाला, सोसायटीला किंवा बँकेला चित्रण राखून ठेवायचे लेखी पत्र लगेच द्या आणि त्याची पोच घ्या. बहुतेक यंत्रे जुन्या चित्रणावर नवे लिहितात, आणि पुसले गेलेले चित्रण कोणतेही कोर्ट परत आणू शकत नाही.