पाण्याला थांबायला जागा हवी

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबले की आपण लगेच म्हणतो, "गटारे साफ केलेली नाहीत!" गाळाचा व कचऱ्याचा दोष असतोच; पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही. त्यासाठी थोडे गणित करू या.

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. तुमच्या शाळेचे आवार १,००० चौरस मीटर आहे असे धरा. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर आवारात २५,००० लिटर पाणी पडेल. मुंबईतील पावसाच्या पाण्याची जुनी गटारे बांधताना ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे गृहीत धरले होते. म्हणजे गटारात यावयाचे १२,५०० लिटर. पण आवारात फरशी बसली, की मुरणे जवळजवळ थांबते. पाऊस तेवढाच, गटारही तेच. पाणी मात्र दुप्पट!

दुसरी अडचण भरतीची. मुंबईचा बराच भाग समुद्रात भर घालून तयार झाला आहे. तेथील अनेक गटारांची तोंडे भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात. बाहेरची पातळी आतल्या पाण्याहून वर गेली, की आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत त्याला थांबणे भाग असते. ते थांबणार कोठे?

खाडीकाठच्या पाणथळ जमिनी ही त्याची हक्काची जागा होय. एक हेक्टर सखल जमिनीवर ३० सेंटिमीटर पाणी साचले, तर तेथे ३० लाख लिटर पाणी मावते. तिवरांची दाट मुळे प्रवाह मंद करतात व गाळ धरून ठेवतात. अशा जमिनीला 'पडीक' ठरवून तिच्यावर भराव टाकला, तर ते पाणी नाहीसे होत नाही; ते शेजारच्या वस्तीत शिरते.

२६ जुलै २००५ रोजी सकाळपासून २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतीही गटारे अपुरीच पडली असती. पण मिठी नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी आवळले गेले होते, त्यामुळे संकट अधिकच वाढले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्णय दिला. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये, झाला.

आता तुमच्या गावाकडे वळू या. पाऊस उघडल्यावर शिक्षकांबरोबर शाळेच्या फाटकापासून निघा. पाणी कोठून कोठे जाते, याचा नकाशा काढा. वाटेत माती किती, फरशी किती, तळे किंवा दलदल आहे का, हे त्यात दाखवा. उघड्या गटारापासून मात्र दूर राहा! नंतर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : पूर्वी पाणी कोठे साचत असे? त्या जागी आज काय आहे? पाणी तुंबण्याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडेल.