घराजवळील वृक्षांची ऋतुचर्या

मनुष्याचे बोट कापले तर बिघडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि काही दिवसांत जखम भरून निघते. वृक्षाची गोष्ट निराळी आहे. खोडातील लाकडास एकदा इजा झाली की ते लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. इजा झालेल्या भागाभोवती वृक्ष आतल्या आत जणू भिंती उभारतो, कूज त्या भिंतींच्या आत कोंडून ठेवतो आणि बाहेरून नव्या लाकडाचे थर चढवीत जातो. जखम झाकली जाते, नाहीशी होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून ही गोष्ट तपासली व १९७७ साली ती सविस्तर मांडली. घराजवळील झाडांच्या निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात. जे मागाहून दुरुस्त होत नाही, त्याची काळजी आधीच घेतली पाहिजे. आणि ती कोणत्या ऋतूत घ्यावी, हे त्या त्या ठिकाणच्या हवामानावरून ठरवले पाहिजे.

जबलपूरचे उदाहरण घेऊ. नर्मदेच्या या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. मे महिन्यात पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर चढतो. जानेवारीत पहाटे तो दहा अंशांच्याही खाली उतरतो. मदनमहालच्या बाजूस ग्रॅनाइटचे खडक आहेत, तर पाटणकडील सपाटीवर काळी चिकण जमीन आहे. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी अंगणातील आंबा, पेरू, जांभूळ किंवा कडुलिंब यांस एकाच वर्षात तीन निरनिराळ्या संकटांतून जावे लागते.

उन्हाळ्यातील पहिला प्रश्न पाण्याचा असतो. पुष्कळ लोक खोडाच्या बुंध्याशी बादली ओततात. परंतु पाणी शोषून घेणारी बारीक मुळे बुंध्यापाशी थोडीच असतात. ती फांद्यांच्या घेराखाली व त्याच्याही पलीकडे, जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. म्हणून दुपारच्या सावलीची कड जेथे पडते, त्या सुमारास उथळ आळे करून पाणी द्यावे. रोज थोडे थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पुष्कळ दिलेले बरे, म्हणजे ओल खोलवर पोहोचते. आळ्यात वाळलेल्या पानांचा थर पसरावा. मात्र तो बुंध्यास भिडू देऊ नये. पाने जाळणे म्हणजे झाडाचेच अन्न जाळणे होय. सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच मध्य भारतात, इंदूर येथे, पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती पुढे जगभर इंदूरच्या नावानेच ओळखली गेली.

फांद्या तोडावयाच्या त्या केव्हा? सावलीच्या झाडांची वाळलेली व घरावर झुकलेली फांदी हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्यापूर्वी काढावी. पालवीबरोबर वाढीस जोर येतो व जखमेवर नवे लाकूड लवकर चढते. शिवाय वळवाचे वादळ येण्यापूर्वी धोका टळतो. आंब्याचा मोहोर मात्र आधीच्या हंगामात पक्व झालेल्या डहाळ्यांवर येतो. म्हणून त्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी. पेरूस नव्या फुटीवर फुले येतात. त्याची हलकी छाटणी उन्हाळ्यात केली तर पावसाळ्यातील बहर हिवाळ्यात फळास येतो.

तोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. फांदी खोडास जेथे मिळते, तेथे सालीचे एक फुगीर कडे असते. कूज अडविणारी भिंत तेथेच उभी राहते. म्हणून फांदी कड्याच्या किंचित बाहेर कापावी; खोडालगत सपाट कापू नये, आणि लांब खुंटही ठेवू नये. जड फांदी असल्यास प्रथम थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप द्यावा, मग त्याच्या पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी उरलेला खुंट काढावा. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते. कापावर डांबर फासण्याची चाल आहे. त्याने आतील कूज थांबत नाही, असे शायगो यांस आढळले.

पावसाळ्यात झाडास पाण्याइतकीच हवेची गरज असते, कारण मुळेही श्वसन करतात. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले तर मुळे गुदमरतात. म्हणून चर काढून ते वाहते करावे. बुंध्याभोवती मातीचा ढीग रचणे किंवा सिमेंटचा पार बांधणे यानेही हेच घडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, त्यामागील कारण हेच. नवे रोप लावण्यासही हाच ऋतू योग्य होय.

पावसाळा संपला की झाडाकडे वर पाहावे. परक्या पानांचा झुबका दिसला तर ते बांडगूळ समजावे. ते झाडातील पाणी व क्षार शोषून घेते. पक्ष्यांनी त्याचे बी पसरविण्यापूर्वी, ते जडले असेल त्या जागेच्या थोडे खाली, फांदीसकट कापून काढावे. डिसेंबरात आंब्याच्या बुंध्याकडे लक्ष द्यावे. मातीत घातलेल्या अंड्यांतून पिठ्या ढेकणांची पिले निघून खोडावरून वर चढतात. जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर, २५ सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधावी व तिच्या खालच्या कडेस ग्रीस लावावे. पिले तेथेच अडतात. मोहोराचा हंगाम सरताच पट्टी सोडावी, अन्यथा ती सालीत रुतते. कडाक्याच्या थंडीत लहान रोपांवर गवताचे छप्पर करावे आणि संध्याकाळी पाणी द्यावे. ओली जमीन रात्री सावकाश निवते.

तारा आणि लोखंडी कठडे यांचीही वर्षातून एकदा पाहणी करावी. रोपास आधार म्हणून बांधलेली तारच काही वर्षांनी त्याचा गळा आवळते. खोडात ठोकलेला खिळा हा कुजीस उघडलेला दरवाजा होय. वादळात कोसळलेल्या मोठ्या वृक्षाचे खोड पुष्कळदा आतून पोकळ आढळते. ती पोकळी त्या रात्रीची नसते. ती अनेक वर्षांपूर्वीच्या एखाद्या निष्काळजी घावापासून वाढत आलेली असते. आज योग्य ऋतूत, योग्य जागी केलेला एक काप पुढील पिढीच्या डोक्यावरील सावली राखतो.